नावात अडकलेलं अहमदाबाद

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना पुढेमागे जुन्या नोंदी वापराव्या लागतील. संग्रहालयातली लेबलं, प्रवासवर्णनं, गॅझेटिअर वगैरे. म्हणून आज एका जेमतेम दहा सेंटिमीटरच्या पक्ष्याचा इतिहास सांगते. पक्षी आपल्याकडचाच, लाल मुनिया. (मुनियांना मराठीत मनोली म्हणतात, पण मी इथे रुळलेलं नावच वापरते.) याचं शास्त्रीय नाव अमांडावा अमांडावा आणि इंग्रजी नाव रेड अवदावत. दोन्ही जरा मोठ्याने म्हणून बघा. काही ओळखीचं ऐकू येतं? अहमदाबाद!

जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर. शिवराज्याभिषेकाच्या आसपासच्या वर्षांत तो मुंबई-सुरत भागात होता, जुन्नरलाही जाऊन आला. त्याचं प्रवासवर्णन १६९८ मध्ये लंडनला छापलं गेलं. त्यात अहमदाबादहून येणाऱ्या चिमुकल्या पक्ष्यांचा उल्लेख आहे: अंगावर पांढरे-लाल ठिपके, एका पिंजऱ्यात पन्नास, एकाने सूर लावला की बाकीचे साथ देतात. ठिपक्यांना त्याने उपमा दिली आहे गोवराच्या पुरळाची. डॉक्टरच तो, दुसरं काय सुचणार!

तिथून हे नाव पक्ष्यासोबत युरोपात गेलं आणि तोंडातोंडी झिजत राहिलं. अमिदावादचं अमादावत, त्याचं अवदावत. १७५८ मध्ये लिनियसने पक्ष्याला फ्रिंजिला अमांडावा असं नाव दिलं, तेव्हा मध्येच एक अनुस्वारही शिरला होता. लिनियस भारतात कधीच आला नव्हता. त्याच्यापर्यंत पोचलं ते पुस्तकातलं वर्णन आणि बाजारातलं नाव.

आता तुम्ही म्हणाल, मग हा पक्षी मूळचा अहमदाबादचा का? इथेच थांबा. लाल मुनिया भारतभर पाणथळ जागांच्या कडेला, उंच गवतात, बोरूत, उसाच्या शेतांजवळ राहते. पूर्वेकडे तिचा पसारा थेट जावापर्यंत आहे. अहमदाबाद हे पिंजरे भरून निघण्याचं ठिकाण होतं. म्हणजे नावात नोंदली गेली ती बाजारपेठ, अधिवास नव्हे. जुन्या लेबलावर गावाचं नाव दिसलं की आपण लगेच अक्षांश-रेखांश टाकून नकाशावर ठिपका देतो. तो ठिपका नमुना पकडल्याचा, विकत घेतल्याचा की जहाजावर चढवल्याचा, हे विचारल्याशिवाय तो वापरू नका. जुन्या व्यापारी केंद्रांच्या आसपासच्या नोंदींकडे तर जास्तच संशयाने बघा, कारण पिंजऱ्यातून सुटलेले पक्षीही त्यांत असू शकतात.

दुसरा मोह ऋतूचा. नर वर्षभर लाल नसतो. विणीच्या काळात त्याचं अंग लालभडक होतं आणि त्यावर पांढरे ठिपके उठून दिसतात. एरवी तो मादीसारखाच तपकिरी दिसतो, फक्त शेपटीच्या मुळाशी लाली राहते आणि चोच लाल असते. आपल्याकडे वीण साधारण पावसाळ्याच्या उत्तरार्धात. मग फ्रायरने लाल ठिपके लिहिले म्हणून त्याने पक्षी तेव्हाच पाहिले असं म्हणायचं का? माझ्या मते नाही. त्याने महिना दिलेला नाही, आणि पिंजऱ्यातल्या पक्ष्याचा रंग रानातल्या पक्ष्यासारखा वागेलच असं नाही.

हे शेवटचं पक्षी पाळणाऱ्यांना चांगलं माहीत होतं. त्यांची नेहमीची तक्रार अशी की पिंजऱ्यातला नर पिसं झडून नवी आली की लाल न होता काळपट होतो. लाल रंगाला लागणारी कॅरोटिनॉइड द्रव्यं पक्षी स्वतः बनवू शकत नाही, ती खाण्यातून यावी लागतात. नुसत्या कोरड्या राळ्यावर ठेवलेल्या पक्ष्याला ती पुरेशी मिळत नाहीत. गवताची ओली बी, हिरवा पाला, थोडे किडे, ऊन आणि उडायला जागा मिळाली तर गोष्ट वेगळी. पिलांना तर किडे हवेतच. पन्नास जण एका पिंजऱ्यात राहायचे ते थव्याने राहण्याच्या सवयीमुळे, पण वीण सुरू झाली की प्रत्येक जोडी आपापला कोपरा राखायला लागते. रंग बदलण्यामागच्या संप्रेरकांवर बनारस हिंदू विद्यापीठात बरंच काम झालं आहे, शरीरक्रियाशास्त्राकडे जाणाऱ्यांनी ते जरूर शोधून वाचा.

हे वाचून कुणी मुनिया आणायला निघू नका हं! १९७२ चा वन्यजीव कायदा आणि १९९०-९१ ची व्यापारबंदी यांमुळे आपल्याकडे देशी मुनिया पकडणं, विकणं, बाळगणं हा गुन्हा आहे. तरी चोरटा बाजार चालू आहे, आणि साध्या मुनिया रंगवून भारी जातीच्या म्हणून खपवण्याचे प्रकारही होतात. म्हणजे बाजारातला रंगसुद्धा नोंद म्हणून भरवशाचा नाही.

व्यापाराने नेलेले आणि सुटलेले पक्षी मात्र दूरवर रुजले. फिजी, हवाई, स्पेन, पोर्तुगाल. स्पेनमध्ये ग्वादियाना नदीच्या खोऱ्यात ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आहेत आणि उन्हाळा संपताना, शरदात घरटी करतात. तिथल्या बहुतेक छोट्या पक्ष्यांची वीण तोवर आटोपलेली असते.