मोटारीच्या इशारादिव्यांची बखर

१९३९ सालच्या मोटार वाहन कायद्याने बेपर्वा चालकांना दंडाचा धाक घालतानाच प्रत्येक चालकाच्या उजव्या हातावर एक स्वतंत्र जबाबदारी सोपविली होती. वळण्यापूर्वी, थांबण्यापूर्वी ठरावीक इशारा करणे हे त्याचे कर्तव्य ठरले. आणि त्याच कलमाला जोडून अशी मुभाही ठेवण्यात आली की, वळण्याचा अथवा थांबण्याचा इरादा गाडीला बसविलेल्या विहित नमुन्याच्या यांत्रिक किंवा विद्युत् साधनाने जाहीर केला तरी चालेल. ही मुभा वाचताना किरकोळ वाटते. परंतु मनुष्याचा अवयव आणि काचेतला दिवा यांना कायद्याने एकाच पंक्तीला बसविण्याचा तो प्रसंग होता. आणि पुढील अर्धशतकभर आपल्या रस्त्यांवर हात व दिवा हे दोघेही जे सुखाने नांदले, त्याचे मूळ या मुभेत आहे. १९८९ च्या रहदारी-नियमांतदेखील हाताचे इशारे तपशीलवार नोंदलेले आढळतात: वेग कमी करायचा असेल तर हात आडवा धरून तळवा जमिनीकडे ठेवून खालीवर हलवावा, थांबायचे असेल तर कोपरापासून उभा करावा, उजवीकडे वळायचे असेल तर सरळ बाहेर धरावा, आणि डावीकडे वळायचे असेल तर तोच हात घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवावा.

या शेवटच्या इशाऱ्यापाशी थोडे थांबले पाहिजे, कारण साऱ्या प्रकरणाची गोम तेथे आहे. आपल्याकडे चाक उजव्या बाजूला असल्यामुळे चालकाला बाहेर काढण्याजोगा हात एकच, आणि तोही उजवा. उजवीकडे जाणार असल्याचे त्या हाताने सांगणे सोपे आहे, परंतु डावीकडे जाणार असल्याचे उजव्याच हाताने सांगायचे तर त्याला संकेताचा आश्रय घ्यावा लागतो, आणि संकेत पाहणाऱ्यालाही ठाऊक असेल तरच उपयोगी पडतो. इंग्लंडमध्ये १९३१ साली जी पहिली रस्ता-संहिता प्रसिद्ध झाली तीत घोडागाडीवाल्यांसाठी चाबकाचे इशारे दिले होते, आणि त्यांतही वळणापूर्वी चाबूक डोक्यावर फिरवून मग हव्या त्या बाजूला कलवण्याची रीत होती. मोटारवाल्याचा फिरता हात त्या चाबकाचा वंशज असावा असे मला वाटते. रात्री, पावसात, किंवा काच चढविलेल्या बंदिस्त गाडीत हा हात निरुपयोगी होई हे वेगळे सांगायला नकोच.

हाताने सांगायच्या गोष्टी मात्र मुळात दोन भिन्न प्रकृतींच्या होत्या. वळण हा इरादा आहे. तो घडण्यापूर्वी जाहीर करावा लागतो, आणि जाहीर करायचा की नाही हे चालकाच्या सद्बुद्धीवर अवलंबून असते. गती रोखणे ही घडत असलेली क्रिया आहे. पाऊल पेडलवर पडले की ती सुरू होते, आणि तिची वार्ता मागे पोहोचविण्यासाठी चालकाच्या इच्छेची गरज नाही, त्याचे पाऊलच कबुली देऊ शकते. हा भेद संशोधकांच्या ध्यानात फार लवकर आला. पर्सी डग्लस-हॅमिल्टन याने १९०७ साली अमेरिकेत ज्या साधनाच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९०९ मध्ये ते मिळविले, ते चक्क हाताच्या आकाराचे होते. दिवा आला तरी मनुष्याचा हात सोडवत नव्हता. त्यानंतर १९१४ च्या सुमारास मूकचित्रपटांतील विख्यात नटी फ्लोरेन्स लॉरेन्स हिने स्वतःच्या मोटारीसाठी दोन युक्त्या योजल्या. एकीत बटण दाबले की मागल्या बाजूचा दांडा उठून वळणाची दिशा दाखवी. दुसरीत ब्रेक दाबताच मागे थांबण्याची पाटी आपोआप वर येई. इरादा आणि कबुली यांची ही पहिली स्वच्छ फारकत. तिने या युक्त्यांचे पेटंट घेतले नाही, आणि मोटारधंद्याच्या इतिहासात तिचे नाव पुष्कळ काळ अडगळीत पडले. तिच्या आईने मात्र विजेवर चालणाऱ्या काच-पुसण्याचे पेटंट १९१७ साली मिळविले होते.

युरोपात इराद्याला जे रूप मिळाले ते रेल्वेच्या सिग्नलवरून उचललेले होते. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत आतून उजळणारी दांडी तयार झाली. १९२८ मध्ये बॉश कंपनीने तिचा आपला नमुना बाजारात आणला, आणि इंग्लंडात ल्यूकस कंपनीने ट्रॅफिकेटर या नावाने ती घरोघरी पोहोचविली. दोन दरवाजांमधल्या खांबात उभ्या खाचेत ही दांडी लपलेली असे. स्विच फिरविताच खांबातील तारेच्या गुंडाळीत चुंबकत्व उत्पन्न होई, लोखंडी दट्ट्या खेचला जाई, दांडी आडवी उभी राही, आणि तिच्या पिंगट पारदर्शक पात्यातला तीन वॅटचा लांबट बल्ब लागे. मॉरिस टेन, मॉरिस मायनर अशा ज्या इंग्रजी गाड्या आपल्याकडे दीर्घकाळ धावल्या, त्यांच्या खांबांत या खाचा आजही दिसतात. डावीकडे वळण्याचा प्रश्न या दांडीने पूर्णपणे सोडविला, कारण तिला डाव्या अंगालाही हात होता.

परंतु तिच्या व्याधी पुष्कळ होत्या. बल्बकडे जाणारी बारीक तार दांडीच्या बिजागरीपाशी दर वळणाला वाकून अखेर तुटे. पावसाळ्यात खाचेत पाणी शिरून दट्ट्या गंजे. तेल कमी पडले तर दांडी अर्ध्यावर अडके आणि जास्त पडले तर धुळीचा चिखल होई. वेगात असताना वाऱ्याच्या जोराने ती खाली बसायला नकार देई, म्हणून गाडीच्या खांबावर आतून मूठ आपटण्याची कला प्रत्येक मालकाला अवगत असे. वळून झाल्यावर ती मिटण्यास चालक विसरला, तर शेजारून जाणारा एखादा सायकलस्वार तिचा निकाल लावी. इतके असूनही तिच्यात एक गुण होता, तो पुढच्या दिव्याला कधीच साधला नाही: ती हलत असे, आणि अंगातून काही बाहेर निघाले म्हणजे माणसाची नजर तेथे जातेच. मॉरिस मायनरने ही दांडी १९६१ पर्यंत सोडली नाही.

अमेरिकेने मात्र दांडीच्या भानगडीत न पडता दिव्यालाच लुकलुकायला लावले. १९३९ च्या ब्युइक गाड्यांना मागील बाजूस लुकलुकणारे दिशादर्शक दिवे कारखान्यातूनच मिळू लागले, आणि पुढच्याच वर्षी ते पुढील बाजूसही आले व वळण संपताच आपोआप विझू लागले. या लुकलुकण्याचे यंत्र काडेपेटीहून फारसे मोठे नाही, परंतु त्यातील युक्ती पाहण्यासारखी आहे. ल्यूकसच्या जुन्या फ्लॅशरमध्ये एक बारीक ताणलेली तार संपर्कबिंदू उघडे धरून ठेवते. स्विच लावला की त्या तारेतूनच प्रवाह जातो. ती तापते, तापली की लांबते, ढिली पडली की बिंदू जुळतात आणि दिवे पूर्ण तेजाने लागतात. पण बिंदू जुळताच प्रवाहाला सोपी वाट मिळून तार निवते, आखडते, बिंदू पुन्हा दुरावतात आणि दिवे विझतात. मिनिटाला साठ ते एकशेवीस वेळा हा खेळ चालतो. तारेचे तापणे दिव्यांच्या भारावर अवलंबून असल्याने पुढचा किंवा मागचा बल्ब गेला की चाल बिघडते, आणि चालकासमोरचा छोटा दिवा मुका होतो. म्हणजे दोषाची वर्दी देण्याचे कामही त्या डबीकडेच असते.

आता खरी अडचण उभी राहिली. जुन्या गाड्यांच्या मागील दिव्यांत दोन तंतूंचा एक बल्ब असे: पाच-सहा वॅटचा तंतू रात्रीच्या लाल दिव्यासाठी, आणि एकवीस वॅटचा ब्रेकसाठी. बल्ब उलटा बसू नये म्हणून त्याच्या दोन खिट्या वेगवेगळ्या उंचीवर असतात, आणि तरीही तो जबरीने उलटा बसविणारे महाभाग मी पाहिले आहेत. वळणासाठी तिसरा दिवा बसवायला गाडीच्या अंगावर जागा नव्हती, आणि कारखान्यांना पत्र्याचे साचे बदलायचे नव्हते. तेव्हा ब्रेकच्याच तंतूला वळणाचे काम द्यावे असे ठरले. म्हणजे इरादा आणि कबुली यांना एकाच जिभेने बोलायचे होते; मग चालकाने ब्रेक दाबला असतानाच डावीकडचा इशाराही दिला, तर त्या जिभेने काय बोलावे?

अमेरिकन गाड्यांनी हा निवाडा चाकाखालच्या स्विचमध्येच उरकला. ल्यूकसने त्यासाठी डीबी-१० नावाचा आठ टोकांचा एक रिले काढला, तो ऑस्टिन-हीली, सुरुवातीची एमजीए अशा गाड्यांत आढळतो. डबीत दोन चुंबकी स्विच असतात, एक डाव्या अंगाचा, एक उजव्या अंगाचा. सामान्यतः दोन्ही मागचे तंतू ब्रेकच्या तारेला जोडलेले राहतात. चालकाने डावा इशारा दिला की डावा स्विच त्या बाजूचा तंतू ब्रेकच्या ताब्यातून काढून फ्लॅशरच्या हवाली करतो. डावा दिवा लुकलुकत राहतो, उजवा स्थिर पेटलेला राहतो. निवाडा इराद्याच्या बाजूने लागला, हे उघड आहे. पावलाची कबुली त्या अंगाला दडपली जाते. मागून येणाऱ्याला उजवा दिवा दिसत असेल तोवर ठीक. तो बल्ब गेलेला असेल किंवा एखाद्या लॉरीने झाकला असेल, तर गाडी थांबते आहे की नुसती वळते आहे हे कळायचा मार्ग उरत नाही. हा निवाडा मला कधीच पटलेला नाही, आणि कायद्यालाही तो फार काळ पटला नाही: ब्रिटनमध्ये १९६५ पासून नव्या गाड्यांच्या मागे वळणाचा दिवा स्वतंत्र आणि पिवळसर असावा असा दंडक झाला.

ब्रेकच्या स्विचचा इतिहास इतका नाट्यपूर्ण नाही. दांड्यांनी चालणाऱ्या ब्रेकमध्ये पेडलला स्प्रिंगने जोडलेला ओढस्विच असे. तेलाचे ब्रेक आल्यावर नळीच्या जोडावर दाबाने चालणारा स्विच आला. हा दुसरा जुना झाला की, हलक्या पावलाला दाद देत नाही. जोराने दाबल्यावरच दिवा लागतो, आणि तोवर मागचा माणूस जवळ आलेला असतो.

आपल्याकडे या सर्व पिढ्या एकाच वेळी रस्त्यावर होत्या. १९४२ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान मोटर्सने उत्तरपाड्यात मॉरिसच्या वंशातल्या गाड्या जोडल्या. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ पासून आधी अमेरिकन आणि मग फियाटच्या गाड्या बांधल्या. त्यामुळे मुंबईच्या वायरमनला इंग्रजी, अमेरिकन आणि इटालियन अशा तिन्ही परंपरांची वायरिंग एकाच आठवड्यात हाताळावी लागे. इंग्रजी गाड्यांत रंगांचा जाबता ठरलेला होता: काळी तार अर्थिंगची, हिरवी-जांभळी ब्रेकची, हिरवी-लाल डाव्या इशाऱ्याची, हिरवी-पांढरी उजव्याची. शिवाय पुष्कळ इंग्रजी गाड्यांचा सांगाडा बॅटरीच्या धन टोकाला जोडलेला असे. परदेशी सुटे भाग आयातबंदीच्या काळात दुर्मिळ झाल्यावर हा जाबता टिकला नाही. चोरबाजारात किंवा पुण्याच्या नाना पेठेत जी तार, जो होल्डर मिळेल तो बसविणे भाग पडले, आणि पन्नास वर्षांच्या एखाद्या गाडीचा फळा उघडला म्हणजे निरनिराळ्या कारकुनांनी निरनिराळ्या अमदानीत लिहिलेल्या दप्तरासारखा तो भासतो. अशा गाडीत बहुतेक दोष अर्थिंगचा निघतो. होल्डर गंजला की ब्रेकचा प्रवाह परतीसाठी दुसऱ्या तंतूची वाट धरतो, आणि ब्रेक दाबताच भलताच दिवा मंद पेटतो. अनुभवी वायरमन तेव्हा स्विचकडे न जाता पत्रा खरवडून नट आवळतो.

हाताचा इशारा मात्र टिकून राहिला. काळ्यापिवळ्या फियाट टॅक्सीच्या खिडकीतून बाहेर आलेला चालकाचा हात हा मुंबईच्या रहदारीतला शिरस्ताच होता. दिवा लागत असो वा नसो, हातावर मागच्याचा विश्वास अधिक असे. पुढे प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखल्या गेलेल्या या फियाटची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली.

आज जुन्या गाड्यांचे शौकीन ज्या प्रश्नाने अस्वस्थ असतात तो असा की, दांडीच्या गाडीला लुकलुकणारे दिवे लावावेत की नाही. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, सांगाडा, कवच वा इंजिन न बदललेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंद आणि ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक देऊ केला, आणि तिला रोजच्या वापरास मनाई केली. माझ्या मते दांडी दुरुस्त ठेवावी आणि तिच्या जोडीला दिवेही लावावेत. कारण मागून येणाऱ्या आजच्या चालकाने दांडी म्हणजे काय हे जन्मात पाहिलेले नसते. पत्र्याला नवे भोक न पाडता, पुढच्या साइड लाइटमध्ये दोन तंतूंचा बल्ब बसवून आणि मागे डीबी-१० सारखा रिले योजून हे काम होते; जागा असेल तर मागे स्वतंत्र पिवळे दिवे बंपरच्या पट्टीला अडकविणे अधिक बरे. एलईडी बल्ब घ्यायचा असेल तर जुन्या फ्लॅशरची तार त्याच्या दोन-तीन वॅटांनी तापत नाही, दिवा लागला तरी लुकलुकत नाही. तेव्हा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्यावा लागतो, आणि धन टोकाची अर्थिंग असलेल्या गाडीत तो त्या जातीचा आहे ना हे दुकानातच विचारून घ्यावे. एवढे करताना नवी तार मात्र जुन्या कापडी वेष्टनात लपवू नये. ती वेगळ्या रंगाची, वेगळी बांधलेली आणि शक्य तर चिठ्ठी लावलेली असावी, म्हणजे पुढच्या वायरमनला कारखान्याचे काम कोणते आणि आपल्या अमदानीतले कोणते, हे तपासण्यासाठी सारा जुडगा सोडवीत बसावे लागणार नाही.