खानेसुमारीच्या वहींतील पूर्वज

इंग्लंडांतून परदेशीं गेलेल्या पूर्वजाचें मूळ शोधूं पाहणाऱ्या वंशजांजवळ बहुधा एक नांव, अंदाजानें सांगितलेलें वय आणि घरांत चालत आलेली एखादी आख्यायिका, एवढेंच भांडवल असतें. अशा वेळीं खानेसुमारीच्या वह्या उपयोगी पडतात. त्या देशांत पहिली शिरगणती १८०१ सालीं झाली. परंतु घरोघरच्या माणसांचीं नांवें पद्धतशीर टिपलीं जाऊं लागलीं तीं १८४१ पासून. त्या सालीं पंधरा वर्षांवरील माणसांचें वय पांचाच्या पटींत खालीं आणून लिहावयाचें, असा नियम होता. आणि इंग्लंडांत जन्मलेल्यास जन्म याच काउंटींतला कीं नाहीं, एवढेंच विचारीत. १८५१ सालीं कुटुंबप्रमुखाशीं नातें व जन्माचें गांव हे रकाने आले, आणि शोधकाच्या हातीं खरें साधन पडलें.

या साधनाचें सामर्थ्य आणि त्याची मर्यादा, दोन्ही चार्ली चॅप्लिनच्या उदाहरणांत दिसून येतात. १९५२ सालीं अमेरिकेनें त्याचा परतीचा परवाना रद्द केला. त्याच सुमारास अमेरिकन अधिकाऱ्यांच्या विनंतीवरून ब्रिटिश गुप्तचर खात्यानें त्याच्या जन्माचा तपास केला. जन्म १६ एप्रिल १८८९ चा, लंडनमधला, असें तो सांगत असे; पण सॉमरसेट हाउसच्या जन्मनोंदींत त्याचें नांव मिळालें नाहीं. त्याचें खरें नांव निराळेंच आहे, तो फ्रान्समध्यें जन्मला, अशा वदंता पसरल्या होत्या. त्यांनाही पुरावा सांपडला नाहीं.

खानेसुमारीच्या कागदांना तेथें शंभर वर्षें कुलूप असतें. १८९१ च्या वह्या १९९२ सालीं, तर १९०१ च्या २००२ सालीं सर्वांना खुल्या झाल्या. पहिल्या गणतींत, लंडनच्या वॉलवर्थ भागांतील बार्लो स्ट्रीटवर, आई हॅना आणि तिचा वडील मुलगा सिडने यांच्यासमवेत लहानगा चार्ली राहत असल्याचें आढळतें. दुसऱ्या गणतींत तो लॅम्बेथमधील फर्नडेल रोडवर, ‘एट लँकेशायर लॅड्स’ या बालनर्तकांच्या मंडळींत दिसतो. दप्तरांत ज्याच्या जन्माची नोंद नाहीं, त्याचें बालपण असें रस्त्याच्या नांवानिशीं उभें राहतें.

मात्र त्यावरून जन्मस्थळ सिद्ध होत नाहीं. घरच्यांनीं जें सांगितलें तें गणतीदारानें लिहिलें. ती साक्ष आहे, निर्णय नव्हे. चॅप्लिनच्या संग्रहांतील एका पत्रांत तर तो बर्मिंगहॅमजवळ भटक्यांच्या गाडींत जन्मल्याचा दावा आहे. म्हणून एका नोंदीवर न विसंबतां लागोपाठच्या गणत्या, पॅरिशचीं बाप्तिस्मापत्रकें आणि १ जुलै १८३७ पासूनच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी ताडून पाहाव्या लागतात. कित्येक ठिकाणीं तोही मार्ग खुंटतो. इंग्लंड व वेल्सच्या १९३१ च्या गणतीचे कागद डिसेंबर १९४२ मध्यें आगींत जळाले आणि १९४१ ची गणती युद्धामुळें झालीच नाहीं. त्या काळांत देश सोडून गेलेल्यांच्या वंशजांना १९३९ च्या राष्ट्रीय नोंदपटाचाच काय तो आधार राहतो.