त्रिकोणमापनाचे खुणेचे दगड

इ. स. १८०२ मध्यें विल्यम लॅम्टन यानें मद्रासेजवळ पायारेषा मोजून हिंदुस्थानच्या महात्रिकोणमापनास आरंभ केला. १८२३ त तो हिंगणघाटास वारला. मोजणीचीं ठाणीं बहुधा डोंगरमाथ्यावर असत. खुणेच्या दगडावर वर्तुळ व मध्यें बिंदु कोरीत. पुष्कळ ठिकाणीं तशीच दुसरी खूण चौथऱ्याखालीं, त्याच लंबरेषेंत ठेवीत. हे दगड रानांतून हुडकण्याचा छंद कांहीं हौशी मंडळींस आहे. गुप्तधनाच्या आशेनें चौथरे उकरले गेले. परंतु संग्राहकाचा लोभही, आमच्या मतें, तितकाच घातक होय. जुना कागद दप्तरांतून हलला तरी त्याचा मजकूर राहतो. ह्या दगडाचा मजकूर म्हणजे त्याची जागाच. म्हणून शोधकांनीं ठसा व टिपण घ्यावें, दगड हलवूं नये, अशी आमची विनंति आहे.