बसवनगुडीतला नाटकाचा दिवस

नाटकाला जाणे ही अडीच-तीन तासांची गोष्ट आहे, ही समजूत फार जुनी नव्हे. आपल्या पणजोबांच्या काळी नाटक म्हणजे रात्रभराचे काम असे आणि त्याची तयारी दिवसभराची. जवळपासच्या गावी मंडळी उतरल्याची वार्ता आली की गाड्या जुंपल्या जात, भाकऱ्या बांधल्या जात. देवदर्शन, बाजार, सोयऱ्यांकडचे जेवण आणि मग दिवे लागल्यावर नाटक, असा तो क्रम असे. नाटकाआधी गाव पाहून होई, आणि नाटक पाहून परतताना ते गाव थोडेसे आपले झालेले असे. बदलीच्या गावी संसार मांडणाऱ्या आम्हां नोकरदारांनी हा जुना क्रम पुन्हा चालू करावा, असे आम्हांस फार दिवस वाटत आले आहे. त्यासाठी बंगळूरच्या बसवनगुडीइतकी योग्य जागा आम्हांस दुसरी ठाऊक नाही.

येथे एक अडचण आधीच सांगितली पाहिजे. संध्याकाळी पाहावयाचे नाटक कानडी असणार. बदलीवर आलेल्या मराठी माणसाची नाटकाची भूक मोठी असते. पण ती भागते वर्षातून एक-दोनदा, पुण्या-मुंबईची मंडळी इकडे आली म्हणजे. उरलेले महिने आम्ही जुन्या प्रयोगांच्या आठवणी काढण्यात घालवितो. शेजारच्या रंगमंदिरात रोज खेळ होत असतात, परंतु "आपल्याला कुठे कानडी कळते?" एवढ्या एका वाक्यावर तो विषय संपतो. मग तीन-चार वर्षांनी बदलीचा हुकूम हाती पडतो आणि तोवर गावाची ओळख झालेली असते ती कचेरी, क्वार्टर्स आणि भाजीबाजार एवढीच. ही हानी कोणाची होते आणि तिचे मूळ किती उथळ आहे, हे इतिहास जरा उलगडला म्हणजे ध्यानात येते. तो उलगडण्यासाठीच हा दिवस.

दिवसाचा आरंभ टेकडीपासून करावा, आणि तोही उन्हे चढण्यापूर्वी. ब्यूगल रॉक नावाच्या त्या प्राचीन खडकाच्या अंगाला दोड्ड गणपतीचे आणि त्याच्याजवळच दोड्ड बसवण्णाचे देऊळ आहे. एका अखंड शिळेत कोरलेला हा नंदी सुमारे पंधरा फूट उंच आहे. हे देऊळ बांधविण्याचे श्रेय बंगळूरचा संस्थापक केंपेगौडा याला दिले जाते; त्याने आपले शहर १५३७ मध्ये वसविले. या बसवण्णाची गुडी म्हणजे देऊळ, यावरून वस्तीचे नाव पडले. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी येथे 'कडलेकाई परिषे' भरते. परिषे म्हणजे जत्रा आणि कडलेकाई म्हणजे भुईमूग. शेतातल्या शेंगा खाऊन जाणाऱ्या बैलाची कथा तिच्यामागे सांगतात. नवीन शेंगांचे ढीग रस्त्याच्या दोहों बाजूंना लागतात आणि पहिला मान नंदीचा असतो. ज्याला सवड काढता येईल त्याने आपला नाटकाचा दिवस याच सुमारास योजावा. जत्रा आणि नाटक ही जोडी फार जुनी आहे.

देवळे जुनी असली तरी वस्ती मात्र तशी अलीकडची. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, १८९७ मध्ये पुण्यात त्याने काय अनर्थ केला हे मराठी वाचकांस सांगावयास नको. १८९८ मध्ये तो बंगळुरास पोहोचला. जुन्या पेठेतली दाटी मृत्यूला कारण होते हे दिसल्यावर मोकळी हवा आणि रुंद रस्ते असलेल्या नव्या वस्त्यांना वेग आला. दक्षिणेस बसवनगुडी आणि उत्तरेस मल्लेश्वरम् ही त्यांतली दोन मुख्य नावे. पुण्याला ज्या साथीने हादरविले, तिनेच बंगळूरला हे सावलीचे रस्ते दिले.

टेकडीवरून उतरून गांधी बाजाराकडे यावे. फुलांच्या राशी, विड्याची पाने आणि केळीचे घड यांतून वाट काढीत १९४३ साली सुरू झालेल्या 'विद्यार्थी भवना'पर्यंत पोहोचावे आणि डोशासाठी रांगेत उभे राहावे. रांग मोठी असते, म्हणून रविवारी तेवढा वेळ हाताशी ठेवावा. रांगेतच शेजारचे गृहस्थ "ऊट आयिता?" म्हणजे जेवण झाले का, असे पुसतात, त्याला "इन्नू इल्ला", अजून नाही, एवढे उत्तर पुरे होते. आमच्या मंडळींचे कानडी शिक्षण याच दोन शब्दांपासून सुरू झाले आहे. पुढे कळले की निम्मी शिकवणी घरीच झालेली होती. अण्णा, अप्पा, अक्का ही आम्ही जन्मापासून उच्चारीत आलेली नावे कानडी घरातही तशीच आहेत.

येथून पाऊण-एक मैलाच्या परिसरात दोन स्थळे अशी आहेत की मराठी नोकरदाराने ती चुकवू नयेत. पहिले गोखले सार्वजनिक विचार संस्था. कानडी साहित्यातले थोर विचारवंत डी. व्ही. गुंडप्पा यांनी १९४५ मध्ये ती काढली आणि तिला नाव दिले आमच्या गोपाळ कृष्ण गोखल्यांचे. गोखले वारले १९१५ मध्ये. तीस वर्षांनी, पुण्यापासून इतक्या दूर, एका कानडी माणसाने त्यांच्या नावाने सार्वजनिक जीवनाचे शिक्षण देणारे घर उभारले, आणि त्यांचे चरित्रही कानडीत लिहिले. दुसरे स्थळ म्हणजे गवीपुरम्. तेथील गुहेत गंगाधरेश्वर आहे. मकरसंक्रांतीच्या सायंकाळी सूर्याचा किरण नंदीच्या शिंगांमधून आत शिंडीपर्यंत जातो, ते पाहण्यास मोठी गर्दी लोटते. त्याच गवीपुरम् भागात मास्ती वेंकटेश अय्यंगार राहत असत. मास्ती म्हैसूर सरकारचे वरिष्ठ अधिकारी. आयुष्यभर फायली हाताळून त्यांनी कथा, कादंबऱ्या आणि नाटकेही लिहिली, आणि १९८३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांच्या घरची भाषा होती तमिळ. त्यांच्या दहा वर्षे आधी त्याच पुरस्काराचे मानकरी ठरलेले कानडी कवी द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा तर मराठी. घरची भाषा एक आणि साहित्याची दुसरी असली तरी काही अडत नाही, याचा याहून मोठा दाखला कोणता हवा?

दुपारी घरी यावे, जेवावे, थोडे पडावे आणि मग संध्याकाळच्या नाटकाची पूर्वतयारी करावी. नाटक गिरीश कर्नाडांचे असेल तर काम सोपे. हा नाटककार जन्मला माथेरानला, १९३८ मध्ये, आणि लिहीत गेला कानडीत. त्यांचे १९६४ चे 'तुघलक' मराठीत आणले ते विजय तेंडुलकरांनी. मराठी प्रत दुपारी वाचून ठेवली की संध्याकाळी शब्द निसटले तरी प्रसंग निसटत नाही. नाटक दुसऱ्या कोणाचे असेल तर शेजाऱ्यांकडून कथाभाग ऐकून घ्यावा. ते आनंदाने सांगतात.

वाचून झाल्यावर जो वेळ उरेल त्यात मराठी नाटकाच्या जन्माची कथा मुलांना सांगावी. १८४२ मध्ये कारवारच्या बाजूने, होन्नावरजवळच्या कर्की गावची भागवत मंडळी सांगलीस आली आणि तिने तेथे आपले खेळ केले. ते पाहून सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांना वाटले की असे काही मराठीत व्हावे. हे काम त्यांनी विष्णुदास भाव्यांकडे सोपविले आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजी 'सीता स्वयंवर' झाले. याच दिवसाला आज आपण मराठी रंगभूमी दिन म्हणतो. भाव्यांच्या खेळात पदे म्हणत कथा पुढे नेणारा सूत्रधार होता, तसा यक्षगानात भागवत असतो. पात्रांची भाषणे बहुधा आयत्या वेळची, तीही यक्षगानाप्रमाणेच. यक्षगानाच्या प्रयोगाला कानडीत 'आट' म्हणतात. आट म्हणजे खेळ. आपणही 'नाटकाचा खेळ' म्हणतो.

पुढचा भाग मुलांनाच नव्हे, मोठ्यांनाही सांगण्यासारखा आहे. घेतलेले उसने आपण कसे फेडले? मराठी मंडळ्या वाढल्या, दिमाखदार झाल्या आणि धारवाड-हुबळीपर्यंत खेळ करू लागल्या. मराठी संगीत नाटकाचा पाया १८८० च्या 'शाकुंतला'ने घालणारे अण्णासाहेब किर्लोस्करही मूळचे त्याच मुलखातले, गुर्लहोसूरचे. कानडी मुलखातले रसिक मराठी पदे गुणगुणू लागले. ते पाहून गदगच्या सक्करी बाळाचार्यांना, म्हणजे 'शांतकवीं'ना, खंत वाटली. आपल्याच भूमीत आपल्या भाषेचे नाटक नसावे हे त्यांना सोसेना. त्यांनी १८७० च्या दशकात कानडी नाटके लिहून मंडळी उभी केली. ज्यांच्याकडून आपण नाटक घेतले, त्यांना आपल्याच नाटकाविरुद्ध उभे राहावे लागले. हे कटु आहे, पण ते नेमके याच क्रमाने घडले.

त्याही आधीचा एक धागा खुद्द बंगळूरचा आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने हे शहर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. शहाजीराजांमागून येथे व्यंकोजीराजे होते. मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वराला त्यांनी गाव दिल्याचा १६६९ चा शिलालेख आजही तेथे आहे. पुढे व्यंकोजी तंजावरास गेले आणि बंगळूर मराठ्यांच्या हातून गेले. परंतु व्यंकोजींचे पुत्र शाहराजे यांनी तंजावरात नाटके रचली: मराठीत 'लक्ष्मीनारायण कल्याण', तेलुगूतही काही, आणि पाच भाषा एकत्र नांदविणारा 'पंचभाषाविलास'. ही भाव्यांच्या दीडशे वर्षे आधीची गोष्ट. घर सोडून दूरच्या मुलखात राज्य करणाऱ्या मराठी माणसाला तेथील भाषेचे भय वाटले नाही. त्याने ती रंगभूमीवर आणली. आपण तर तेथे नोकरीपुरते आलो आहोत. आपल्याला ते भय का वाटावे?

आता संध्याकाळ. स्थळे दोन सुचवितो. एक जवळचे, जे. सी. रोडवरील रवींद्र कलाक्षेत्र. रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीची आठवण म्हणून उभारलेले हे मंदिर १९६३ मध्ये खुले झाले. त्यात खेळ असेल तर नॅशनल कॉलेजच्या मेट्रो स्थानकावरून एकच स्थानक उत्तरेला जावे, म्हणजे कृष्णराजेंद्र मार्केट, तेथून पायी. दुसरे स्थळ दक्षिणेस, जे. पी. नगरातले रंगशंकरा. ते २००४ मध्ये उघडले. तिकडे मेट्रोने जाऊन पुढे रिक्षा करावी, मात्र खेळाच्या निदान अर्धा तास आधी पोहोचावे. दार बंद झाल्यावर तेथे कोणासही आत सोडीत नाहीत. साहेब असो की कारकून, नियम एकच.

ज्यांच्या स्मरणार्थ रंगशंकरा उभे राहिले ते शंकर नाग होन्नावरच्या बाजूचे, म्हणजे कर्कीच्याच तालुक्यातले. तरुणपणी ते मुंबईस गेले, मराठी रंगभूमीवर वावरले. पुण्यातल्या प्लेगच्या काळावरील '२२ जून १८९७' या मराठी चित्रपटाच्या लेखनात त्यांचा हात होता. मग ते बंगळुरास परतले आणि कानडी प्रेक्षकांचे लाडके झाले. १९९० मध्ये अपघातात ते गेले. त्यांच्या पत्नी अरुंधती नाग यांनी, ज्या स्वतः मराठी रंगभूमीवर काम केलेल्या, मित्रांच्या साहाय्याने हे नाट्यगृह उभारले. सांगलीस गेलेल्या भागवतांच्या मुलखातला हा तरुण, मराठीतून फिरून कानडीत आलेला; त्याच्या नावाच्या घरात मराठी माणसाने परका म्हणून कसे बसावे?

नाटक संपल्यावर रिक्षाची घाई करू नये. मुलांना काय कळले ते विचारावे. त्यांना आपल्यापेक्षा अधिक कळलेले असते. न कळलेले चार शब्द कागदावर टिपून घ्यावे आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत शेजारच्या टेबलावरच्या कानडी स्नेह्याला त्यांचे अर्थ विचारावे. तो आधी चकित होईल, मग खुर्ची ओढून सविस्तर सांगू लागेल आणि बहुधा पुढच्या खेळाची तिकिटे आपणच काढून आणीन म्हणेल.