आडनावाचं क्रियापद

इंग्रजीत कुठलंही नाम उचलावं आणि बिनधास्त क्रियापद म्हणून वापरावं. मराठीत आपल्याला शेवटी 'करणे' जोडावंच लागतं: गूगल करणे, झेरॉक्स करणे. पण हयात माणसाच्या डोळ्यांदेखत, तेही दोनेक महिन्यांत त्याच्या आडनावाचं क्रियापद व्हावं, हे नशीब कॅप्टन चार्ल्स बॉयकॉटचं. (आपला क्रिकेटवाला जेफ्री वेगळा. त्याच्या संथ बॅटिंगचा इथे संबंध नाही!)

हा कॅप्टन आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा एजंट होता. खंड वसूल करायचा, न देणाऱ्या कुळाला हाकलायचं, हे त्याचं काम. १८७९ साली पीक बुडालं आणि त्याच वर्षी कुळांची लँड लीग उभी राहिली. १९ सप्टेंबर १८८० ला तिचा अध्यक्ष पार्नेल एनिसच्या सभेत म्हणाला की हाकललेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याला मारू नका, रस्त्यात, दुकानात, चर्चमध्ये कुठेही त्याच्याशी बोलू नका.

लोकांनी हा उपाय थेट एजंटवरच वापरला. कुळांना खंडात २५ टक्के सूट हवी होती, जमीनदार १० च्या वर जाईना. बॉयकॉटने नोटिसा धाडल्या आणि मजूर शेत सोडून गेले. मग घरातले नोकर, लोहार, धोबीण, टपाल आणणारा पोरगासुद्धा. पीक काढायला अल्स्टरहून ५० स्वयंसेवक आले, त्यांच्या रक्षणाला हजारेक शिपाई. पाचेकशे पौंडांच्या पिकासाठी अंदाजे दहा हजार पौंड खर्च! १ डिसेंबरला कॅप्टनने आयर्लंड सोडलं.

शब्दाचं श्रेय तिथल्या फादर जॉन ओ'मॅलीला जातं. अमेरिकन पत्रकार जेम्स रेडपाथ लिहितो की 'ऑस्ट्रसाइज' हा ग्रीक वळणाचा शब्द शेतकऱ्यांच्या पचनी पडणार नाही, म्हणून फादरने 'बॉयकॉट' सुचवला. बघता बघता तो फ्रेंच, जर्मन, रशियन, जपानीतही गेला. वंगभंगाच्या वेळी, ७ ऑगस्ट १९०५ ला, कलकत्त्याच्या सभेने विलायती मालावर तोच ठराव केला आणि ऑक्टोबरात पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली.

मराठीला मात्र या कृतीसाठी शब्द शोधायची गरजच नव्हती. 'वाळीत टाकणे' होतंच की. पाणी बंद, दुकान बंद, मयताला खांदा नाही. कोड तोच, फक्त चालवणारा वेगळा. तिकडे कुळांनी एजंटला एकटं पाडलं, इकडे अख्खं गाव एका घरावर किंवा दलित वस्तीवर उलटायचं. माझ्या मते एकाच शब्दात या दोन्ही गोष्टी कोंबणं हा 'बहिष्कार'वर अन्यायच आहे.

डॉ. आंबेडकरांना हा फरक पक्का ठाऊक होता. गोलमेज परिषदेपुढे त्यांनी अस्पृश्यांसाठी जी संरक्षणं मागितली, त्यात सामाजिक बहिष्कार गुन्हा ठरवावा हे कलम होतं. त्याचा मसुदा त्यांनी १९२२ च्या ब्रह्मदेशातल्या बहिष्कारविरोधी कायद्यातून उचलला. गंमत म्हणजे तो कायदा इंग्रजांनी तिथली राष्ट्रीय चळवळ दडपायला केला होता.

पुढे मुंबई राज्याने १९४९ मध्ये जातीबाहेर टाकण्यावर बंदी घातली. १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टाने धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर तो कायदा रद्द केला. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा पुन्हा लागू व्हायला २०१७ उजाडलं. जातपंचायतींविरुद्ध तक्रारी त्याच कायद्याखाली नोंदवतात.