घरगुती हॉट टब : वजन, वीज आणि निचऱ्याची खबरदारी

रायपूर : घराच्या गच्चीवर किंवा स्नानगृहात गरम पाण्याचा मोठा टब, म्हणजेच ‘हॉट टब’, बसविण्यापूर्वी इमारतीची भारक्षमता, विद्युत सुरक्षा आणि पाण्याचा निचरा या तीन बाबींची खातरजमा आवश्यक ठरते. रायपूरमध्ये त्यासंबंधीच्या तरतुदी बांधकाम आणि वीज यांच्या स्वतंत्र नियमांत आहेत.

भारक्षमता : शहरातील बांधकामांना ‘छत्तीसगड भूमी विकास नियम, १९८४’ लागू असून बांधकाम परवानगी महापालिका देते. ‘आयएस ८७५ (भाग २)’ या भारतीय मानकानुसार निवासी खोल्यांसाठी प्रति चौरस मीटर सुमारे २०० किलो, तर ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी सुमारे १५० किलो उपयोगभार गृहीत धरला जातो. दोन मीटर लांब-रुंद टबात एक हजार लिटर पाणी भरल्यास केवळ पाण्याचेच वजन एक टन, म्हणजे प्रति चौरस मीटर २५० किलो होते. टबाचे व माणसांचे वजन वेगळेच. त्यामुळे संरचना अभियंत्याचा लेखी अभिप्राय आधी घ्यावा.

वीज : केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांनुसार वायरिंगचे काम परवानाधारक ठेकेदारानेच करावयाचे असते. घरगुती जोडणीतील गळतीरोधक उपकरण ३० मिलिअँपिअर किंवा त्याहून कमी गळतीवर प्रवाह तोडणारे असावे लागते. साधा एमसीबी अतिभार व शॉर्टसर्किट रोखतो. एवढी अल्प गळती तो ओळखत नाही. टबासाठी स्वतंत्र सर्किट व योग्य अर्थिंग असावे आणि टबातून हात पोहोचेल तेथे प्लग वा स्विच नसावा. हीटरमुळे मंजूर वीजभार ओलांडला जात असल्यास छत्तीसगड राज्य विद्युत वितरण कंपनीकडे भारवाढीचा अर्ज करावा लागतो.

निचरा : पंपाच्या शोषणाने केस किंवा शरीर निचरामार्गाला चिकटून राहण्याचा धोका असतो. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात व्हर्जिनिया ग्रेम बेकर हिचा २००२ मध्ये हॉट टबमध्ये असाच मृत्यू झाला. तिच्या नावाने २००७ मध्ये झालेल्या कायद्याने निचऱ्याच्या झाकणांसाठी सुरक्षा मानक बंधनकारक केले. झाकण तुटलेले किंवा सैल असल्यास टब वापरू नये.

पाण्याचे तापमान ४० अंश सेल्सिअसपेक्षा अधिक नसावे. गर्भवती व हृदयरुग्णांनी वैद्यकीय सल्ला घ्यावा. लहान मुले असलेल्या घरात वापरानंतर टबावर कुलूपबंद आच्छादन ठेवावे.