भिंतीवरचा एकच शब्द

'स्कायरिम' खेळलेल्या कुणालाही ब्लीक फॉल्स बॅरोमधली ती भिंत आठवत असेल. डोंगराच्या पोटातलं थडगं, वरून झिरपणारा उजेड आणि समोर नखांनी ओरबाडल्यासारख्या अक्षरांनी भरलेली दगडी भिंत. जवळ जावं तसा पुरुषांच्या आवाजातला मंत्रघोष वाढतो, पडदा काळवंडतो आणि एवढ्या मजकुरातला एकच शब्द पेटून आपल्या अंगात शिरतो. 'फुस', म्हणजे बळ. बाकीची अक्षरं दगडातच राहतात. तेवढ्यात शेजारच्या दगडी पेटीचं झाकण उडतं आणि आतला ड्रॉगर, म्हणजे मेल्यावरही न मेलेला योद्धा, अंगावर येतो.

आता गंमत बघा. त्या भिंतीवर नेमकं हेच लिहिलेलं आहे. ड्रॅगनशिळा सांभाळणारा रखवालदार इथे पडला आहे, त्याच्या संतापाला आणि अंधाराला अंत नाही, अशा अर्थाचा तो मजकूर. 'फुस' हा शब्दही त्याच रखवालदाराच्या वर्णनात आलेला आहे. पेटीत कोण आहे, त्याच्याजवळ काय आहे, तो उठला तर काय होईल, सगळं भिंतीने आधीच सांगितलं होतं. आपण त्यातलं बळ तेवढं काढून घेतलं आणि ज्याचं ते वर्णन होतं त्यालाच मारून ड्रॅगनशिळा घेऊन आलो.

या जगाच्या इतिहासात आपला नायक डोव्हाकीन आहे. शरीर माणसाचं, आत्मा ड्रॅगनचा. ड्रॅगनांची भाषा त्याला शिकावी लागत नाही. भिंतीवरून शब्द मिळतो, ड्रॅगन मारला की त्याचा आत्मा मिळतो, आणि तो आत्मा खर्च केला की शब्द वश होतो. व्याकरण नाही, पाठांतर नाही. गेम याला 'समजणं' म्हणतो. माझं म्हणणं असं आहे, की स्कायरिममधलं हे जादूचं समजणं म्हणजे न वाचण्याचाच एक प्रकार आहे.

जादूने भाषा कळण्याची कल्पना तशी जुनीच. 1974 साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' पहिल्यांदा छापलं गेलं, तेव्हा जादूगाराच्या अगदी पहिल्या पायरीच्या मंत्रांमध्ये परक्या भाषा वाचण्याचा मंत्र होता. त्याचा उपयोग साधा होता. अनोळखी लिपीतला खजिन्याचा नकाशा हाती लागला तर खेळ अडू नये. पण तो मंत्र निदान अख्खा कागद वाचून द्यायचा.

स्कायरिमच्याच मालिकेतला 1996 चा 'डॅगरफॉल' मला याहून मजेशीर वाटतो. त्यात भाषा ही तलवारबाजीसारखी कमवायची कौशल्यं होती, एकूण 9. राक्षसांची, ऑर्कांची, हार्पींची, अप्सरांची आणि ड्रॅगनांचीही. पण बोलायला काही मिळायचं नाही. संवाद नाहीत, गप्पा नाहीत. भाषा येत असेल तर समोरचा प्राणी कधीकधी हल्ला करायचा नाही, एवढंच. खेळ म्हणून हे अर्धवट होतं, हे मान्य. पण भाषा कळली की शस्त्र खाली ठेवता येतं, एवढं तरी त्यात होतं. 2002 च्या 'मोरोविंड'मध्ये ही कौशल्यं काढून टाकली. पुढे 11 नोव्हेंबर 2011 ला स्कायरिम आला, तेव्हा भाषा हेच शस्त्र झालं होतं.

आणि ते शस्त्र बनवलं मात्र फार प्रेमाने. भाषा रचली एमिल पॅग्लियारुलो यांनी आणि लिपी काढली चित्रकार अ‍ॅडम अ‍ॅडमोविच यांनी. ड्रॅगन लिहील तर कशाने लिहील, या प्रश्नापासून त्यांनी सुरुवात केली. उत्तर अर्थात नखाने. म्हणून ती सगळी अक्षरं म्हणजे ओरखडे आणि टोचे. एकूण 34 अक्षरं. रोमन लिपीतली 'सी' सोडून बाकीची 25, आणि जोडस्वरांसारख्या आवाजांसाठी आणखी 9. व्याकरण सोपं आहे, क्रियापदांना काळ नाहीत, वाक्याचा सांगाडा सरळ इंग्रजीचा. खरं सांगायचं तर टोल्किन यांच्या एल्फ भाषांपुढे हे फारच बाळबोध आहे. पण याच सोपेपणामुळे वही-पेन घेऊन बसलं तर कुणालाही भिंती वाचता येतात. गेमच्या चाहत्यांनी तेच केलं. तेव्हा कळलं, की यातल्या कितीतरी भिंती म्हणजे स्मारकं आहेत. अमक्याच्या आठवणीसाठी हा दगड उभा केला, तो असा जगला, असा मेला. आपल्याकडचे वीरगळच म्हणा ना.

ज्यांना हे जन्मजात येत नाही, अशी माणसंही गेममध्ये आहेत. जगाच्या सर्वांत उंच डोंगरावर राहणारे ग्रेबिअर्ड्स. त्यांच्या पंथाचा मूळपुरुष युर्गन विंडकॉलर एका लढाईत हरला, मग का हरलो याचा विचार करत 7 वर्षं बसला. त्याचे अनुयायी एकेका शब्दावर वर्षानुवर्षं ध्यान करतात. चौघांपैकी फक्त अर्नगिअर आपल्याशी नीट बोलतो, कारण बाकीच्यांच्या पुटपुटण्यानेही भिंती हादरतात. तिथे आइनार्थ नावाचा गुरू 'रो' हा शब्द जमिनीवर उमटवतो आणि त्याबद्दलची स्वतःची समज आपल्याला देऊन टाकतो. त्याच्या आयुष्यभराची कमाई, आणि आपल्याला काही सेकंदांत. मी पहिल्यांदा खेळताना तो प्रसंग घाईत उरकला होता. बहुतेक सगळेच उरकतात, गेमची रचनाच तशी आहे.

आमच्या घरी एका पत्र्याच्या ट्रंकेत मोडी लिपीतले कागद आहेत. जमिनीचा वाद निघाला तेव्हा काकांनी मोडी वाचणाऱ्या एका गृहस्थांना बोलावलं. त्यांनी भिंग लावून पणजोबांच्या वडिलांचं नाव आणि शेताच्या चतुःसीमा शोधून दिल्या. काम झालं, चहा झाला, कागद परत ट्रंकेत. उरलेल्या ओळींत कुणाचं कर्ज आहे, कुणाचं लग्न आहे, का नुसताच हिशेब आहे, ते कुणी विचारलं नाही. हवा तो शब्द चमकला होता.

या सगळ्याला गेममध्येच एक चोख उत्तर आहे. ते म्हणजे 'ड्रॅगनरेंड' नावाची आरोळी. ड्रॅगनांच्या गुलामीत पिचलेल्या माणसांनी ती त्यांच्याच भाषेत घडवली. तिचे तीन शब्द : मर्त्य, सीमित, क्षणिक. ती कानी पडली की उडता ड्रॅगन जमिनीवर येतो. इजा होते ती आवाजाच्या धक्क्याने नव्हे. मरण ही गोष्ट अमर जीवाला समजूच शकत नाही, आणि ही आरोळी तीच गोष्ट त्याच्या डोक्यात घुसवते. म्हातारा ड्रॅगन पार्थुर्नॅक्स, ज्याने माणसांना मुळात ही विद्या शिकवली, तोसुद्धा म्हणतो की हे मला शिकवता येणार नाही, कारण मला ते कळतच नाही. आणि अर्नगिअर ती शिकण्याच्या विरुद्धच आहे. ज्यांनी ती घडवली त्यांचा द्वेष शिकणाऱ्याच्या आत उतरतो, असं त्याचं म्हणणं.

मालिकेतली ही मला सगळ्यात खरी वाटणारी गोष्ट आहे. हे तीन शब्द कुठल्या भिंतीवरून मिळत नाहीत. एल्डर स्क्रोल घेऊन डोंगरमाथ्यावर जायचं, काळाच्या फटीतून मागे बघायचं, आणि हाकोन, गॉर्मलेथ, फेल्डिर ही तीन माणसं ते शब्द उच्चारून आल्डुइनशी लढताना पाहायची. गॉर्मलेथ तिथेच मरते. इथे मात्र शब्द कुणाचे होते आणि त्यांची काय किंमत पडली, ते पाहिल्याशिवाय गेम ते आपल्या हाती देत नाही.

आणि एक पुस्तक आहे. गेममध्ये शेकडो पुस्तकं इकडेतिकडे पडलेली असतात, त्यातलंच एक. लेखिका हेला थ्राइस-व्हर्स्ड. ही बाई डोव्हाकीन नाही, ग्रेबिअर्डही नाही. ती भटकली, भिंतींवरची अक्षरं उतरवून घेतली, अर्थ लावत बसली आणि मजकूर भाषांतरासकट छापला. तिला एकही आरोळी येत नाही. पण ज्या जगात नायक शब्द गोळा करत हिंडतो, तिथे भिंती वाचण्याचं काम ती करते.

व्हाइटरनमध्ये मी घर घेतलं, तेव्हा कपाटात सगळ्यात आधी तेच पुस्तक ठेवलं. आता नवीन थडग्यात शिरलो की भिंतीजवळ जायच्या आधी लांबूनच थांबतो, फोनवर त्या 34 अक्षरांचा तक्ता उघडतो आणि एकेक ओरखडा लावत बसतो. वेळ लागतो. ड्रॉगर पेटीत वाट बघत असतो.